९ एमएमचा सिलिंडर अडकतो, .३५७ चा का अडकत नाही?

लक्षण असं होतं. रुगर ब्लॅकहॉक रिव्हॉल्व्हर, सिंगल ॲक्शन, म्हणजे प्रत्येक बाराला घोडा अंगठ्याने ओढावा लागणारं, नळी .३५७ मॅग्नम काडतुसाची, सोबत ९ एमएमचा दुसरा सिलिंडर. .३५७ चा सिलिंडर घालून दिवसभर नेम धरला तरी कुरकुर नाही. ९ एमएमचा घातला की पहिले बारा बार नीट, तेराव्या-चौदाव्याला घोडा मागे ओढताना अंगठ्याला जड लागतं, अठराव्याला सिलिंडर फिरायचंच थांबतो. दहा मिनिटं बाजूला ठेवला की पुन्हा मोकळा. घरी येऊन स्वच्छ करायचं, पुढच्या शनिवारी तेच. हे माझ्याकडे जवळजवळ आठ महिने चाललं. दोन सिलिंडरांचं रिव्हॉल्व्हर वापरणाऱ्या अमेरिकेतल्या मराठी मंडळींना यातलं काही ना काही भेटतंच, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट. खाली जे काही तपासायला सांगितलं आहे ते सगळं रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर करायचं. सिलिंडर काढायचा, सहाही चेंबर, म्हणजे काडतुसं बसतात ती भोकं, डोळ्यांनी पाहायचे, बोटानेही चाचपायचे, आणि काडतुसं त्या खोलीतच ठेवायची नाहीत. मी आजही प्रत्येक वेळी हे करतो आणि दोनदा करतो.

रिव्हॉल्व्हरला पिस्तुलाचं काडतूस कशासाठी?

हे समजून घेतल्याशिवाय बिघाड समजत नाही. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाच्या पुंगळीला मागे बाहेर आलेली कड असते, म्हणजे रिम. ती रिम सिलिंडरच्या मागच्या तोंडावर टेकते आणि काडतूस तिथेच थांबतं. .३८ स्पेशल, .३५७ मॅग्नम, .४५ कोल्ट ही सगळी त्या घराण्यातली. ९ एमएम आणि .४५ एसीपी मात्र मॅगझीनमधून सरकत वर येणाऱ्या पिस्तुलांसाठी जन्मली. त्यांची रिम बाहेर येत नाही, नाहीतर मॅगझीनमध्ये एकात एक अडकली असती. त्यामुळे ही काडतुसं रिमवर टेकूच शकत नाहीत. ती पुंगळीच्या पुढच्या तोंडावर टेकतात. चेंबरच्या आत एक बारीक पायरी कापलेली असते, पुंगळीचं तोंड त्या पायरीवर येऊन बसतं. ही पायरी लक्षात ठेवा, निम्मे त्रास तिच्यापाशीच आहेत.

पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला पिस्तुलं कमी पडली तेव्हा कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन यांनी .४५ एसीपीची मॉडेल १९१७ रिव्हॉल्व्हरं बनवली. त्यात काडतुसं तीन-तीनच्या अर्धचंद्राकृती पत्र्याच्या क्लिपमध्ये अडकवून भरावी लागायची, कारण सिलिंडर बाजूला काढून सगळ्या पुंगळ्या एकदम बाहेर ढकलणाऱ्या ताऱ्याच्या आकाराच्या भागाला धरायला रिमच नव्हती. सिंगल ॲक्शनला ही अडचण नाही. त्यात पुंगळ्या एकेक करून काढतात, आणि नळीखालची इजेक्टरची दांडी चेंबरच्या पुढून आत शिरून पुंगळीला आतल्या बाजूने ढकलते. रिम असो वा नसो, तिला फरक पडत नाही. बेस पिन, म्हणजे सिलिंडर जिच्यावर फिरतो ती दांडी, ओढली की सिलिंडर हातात येतो. म्हणून सिलिंडर बदलायची कल्पना सिंगल ॲक्शनमध्ये इतकी सहज रुजली. १९५३ साली आलेल्या रुगर सिंगल-सिक्सच्या घराण्यात .२२ लाँग रायफल आणि .२२ मॅग्नमची जोडी आहे, १९५५ च्या ब्लॅकहॉकच्या घराण्यात .३५७ आणि ९ एमएमची, .४५ कोल्ट आणि .४५ एसीपीचीही.

कारण पैशाचं आहे. ९ एमएम जगभर बनतं आणि .३५७ पेक्षा बरंच स्वस्त मिळतं. सरावाला ९ एमएम, बाकी कामाला .३५७, हत्यार एकच, चापाचा हातही तोच. मीही त्याच विचाराने घेतलं.

मी आधी काय काय चुकीचं शोधलं

पहिला संशय प्राइमरवर. पुंगळीच्या बुडातला प्राइमर, म्हणजे ठोसा बसताच पेटणारी टिकली, पुरता आत बसला नसेल तर तो मागच्या पोलादी भिंतीला, म्हणजे रिकॉइल शील्डला घासतो आणि सिलिंडर अडतो. हे कारण अगदी खरं असू शकतं आणि तपासायला सोपं आहे: काडतूस सपाट टेबलावर उभं ठेवा, डुललं तर प्राइमर वर आहे. माझं एकही डुललं नाही. शिवाय प्राइमर दोषी असता तर अडकणं पहिल्या बारालाही झालं असतं, नेमकं तेराव्यालाच का होईल? हा प्रश्न मी तेव्हाच स्वतःला विचारायला हवा होता. काडतुसांचा ब्रँड तीनदा बदलला, तीनही निर्दोष होते.

दुसरा संशय बेस पिनवर. धक्क्याने ही पिन पुढे सरकते, विशेषतः तिला धरून ठेवणाऱ्या लॅचची स्प्रिंग जुनी झाली असेल तर. पिन पुढे सरकली की सिलिंडरला मागे आधार कमी पडतो, तो डुगडुगतो. मी कडक स्प्रिंग मागवली, बसवली. पिन हलायची थांबली, अडकणं थांबलं नाही. पण स्प्रिंग वाया गेली असं नाही, .३५७ च्या जोरदार काडतुसांना ती हवीच होती.

इथे एक उपयोगी खूण सांगतो, मला खूप उशिरा कळलेली. थंड असताना मोकळा आणि तापल्यावर घट्ट असेल तर शोध पुढच्या बाजूला घ्या, म्हणजे सिलिंडरचं पुढचं तोंड आणि नळीची मागची कड यांच्यातल्या फटीत. पहिल्याच बारापासून, विशिष्ट काडतुसालाच घट्ट असेल तर शोध मागच्या बाजूला घ्या, म्हणजे प्राइमर, पुंगळीचं बूड, चेंबरची पायरी. एवढी वाटणी केली असती तर माझे पाच महिने वाचले असते.

फिलर गेज

माझे वडील खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत होते, त्यामुळे पुंगळी हा शब्द आमच्या घरात रोजचा. पण हातात फिलर गेज मला भोसरीतल्या एका वर्कशॉपने दिला, डिप्लोमा झाल्यावर. बुलेट मोटारसायकलचं टॅपेट सेटिंग ज्यांनी केलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको: पातळ पोलादी पात्यांचा गुच्छ, प्रत्येक पातीवर तिची जाडी. आपल्याकडे कारागीर हजारांश इंचाला ‘थाऊ’ म्हणतात. अमेरिकेतले बंदूककारागीरही थाऊच म्हणतात, आणि पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मला भोसरीचीच आठवण आली.

सिलिंडर आणि नळी यांच्यात फट लागतेच. नसेल तर सिलिंडर फिरणार नाही, जास्त असेल तर वायू आणि शिशाचे कण बाजूला उडतात आणि गोळीचा वेग घटतो. साधारण चार ते आठ थाऊ ही चांगली फट समजतात, सहाला बहुतेक कारागीर खूष असतात.

मोजायची पद्धत. रिकामं रिव्हॉल्व्हर, घोडा खाली. सिलिंडर बोटाने मागे दाबून धरा आणि फटीत पात घाला. जी सर्वांत जाड पात न अडता जाते ती मागची फट. मग सिलिंडर पुढे दाबून पुन्हा मोजा. ती पुढची फट. दोन्हींतला फरक म्हणजे सिलिंडरची मागेपुढे हालचाल, इथले लोक तिला एंडशेक म्हणतात. एक-दोन थाऊ असेल तर चिंता नाही. आणि दोन्ही सिलिंडर वेगवेगळे मोजा. मी आठ महिने जे केलं नव्हतं ते हेच.

.३५७ चा सिलिंडर: मागे दाबून साडेसहा थाऊ, पुढे दाबून पाच. उत्तम.

९ एमएमचा सिलिंडर: मागे दाबून तीन थाऊ. पुढे दाबून दोनची पात जाईना. माझ्या गुच्छातली सर्वांत पातळ पात दीड थाऊची, ती कशीबशी गेली.

दीड थाऊ म्हणजे मिलिमीटरचा पंचविसावा भाग. बारा बार झाले की सिलिंडर आणि नळी तापून थोडी फुगतात, फटीवर काजळी आणि शिशाचा थर बसतो, आणि दीड थाऊ संपतात. थंड झालं की पोलाद आकसतं, सिलिंडर सुटतो. उजेडात धरून पाहिलं तर सिलिंडरच्या पुढच्या तोंडावर चकचकीत घासल्याची कमान दिसत होती, नळीच्या कडेच्याच त्रिज्येची. ती तिथे सुरुवातीपासून असणार. मी साफ करताना तिच्यावरून कापड फिरवत होतो.

दोन सिलिंडर आणि एक नळी

मग असं का झालं? मी हे रिव्हॉल्व्हर जुनं विकत घेतलं होतं, दुसरा सिलिंडर कापडी पिशवीत सोबत होता. विकणाऱ्याने जोडी म्हणूनच दिली. कारखान्यातून जोडीने निघालेल्या बऱ्याच रुगर रिव्हॉल्व्हरांत जादा सिलिंडरच्या पुढच्या तोंडावर हत्याराच्या सिरियल नंबरचे शेवटचे तीन आकडे बारीक कोरलेले असतात. माझ्या सिलिंडरवरही होते. ते माझ्या रिव्हॉल्व्हरचे नव्हते.

म्हणजे कुणाच्या तरी दुसऱ्या ब्लॅकहॉकला बसवलेला सिलिंडर माझ्यात आला होता. अमेरिकेच्या कायद्यात फ्रेम म्हणजेच बंदूक. सिलिंडर हा सुटा भाग, तो कुणीही कुणाला विकतो, टपालाने येतो-जातो. मॉडेल तेच, नाव तेच, आत सरकतोही. म्हणून लोक तो टायरसारखा समजतात, काढला आणि घातला. तसं नाही. सिलिंडरचं नातं तीन ठिकाणी जुळावं लागतं: पुढे नळीशी फटीचं, मागे दात्यांचं, म्हणजे ज्यांना पकडून हँड नावाचा तुकडा सिलिंडर फिरवतो, आणि खाली खाचांचं, जिथे बोल्ट शिरून चेंबर नळीसमोर कुलूपबंद करतो. कारखाना दोन्ही सिलिंडर एकाच फ्रेमला लावून पाहतो, म्हणून जोडीला किंमत आहे. जुनं घेत असाल तर पैसे देण्याआधी आकडे पाहा.

फिनिक्सच्या उत्तरेला बेन एव्हरी रेंजवर मी जातो, तिथल्याच एका ओळखीच्या गृहस्थाने एका म्हाताऱ्या बंदूककारागिराकडे पाठवलं. मी जाताना मनात उपाय ठरवून गेलो होतो: नळीची मागची कड तीन थाऊ घासून द्या. त्यांनी दोन्ही सिलिंडर मागवले, मोजले, आणि मान हलवली. नळी दोघांची आहे, ते म्हणाले. नळी घासली तर ९ एमएमचा सिलिंडर सुधारेल, पण .३५७ चा साडेसहावरून साडेनऊ थाऊवर जाईल, आणि बिघडलेलं काहीच नसलेला सिलिंडर बिघडेल. जो सिलिंडर दोषी आहे त्याचंच तोंड घासायचं.

तेही नुसतं घासून चालत नाही. सिलिंडरच्या पुढच्या तोंडाच्या मध्यभागी बेस पिनभोवती एक उंचवटा असतो. तो फ्रेमला टेकून सिलिंडरला पुढे जाऊ देत नाही. तोंड घासताना हा उंचवटाही कापला गेला तर सिलिंडर आणखी पुढे सरकतो, आणि जितकं घासलं तितकं पुन्हा जातं. शिवाय मागे काडतुसाला जागा वाढते ते वेगळंच. म्हणून उंचवट्याला हात न लावता फक्त भोवतालचं तोंड लेथवर घ्यायचं. त्यांनी तीन थाऊ घेतले. आता ९ एमएमची फट मागे सहा, पुढे साडेचार. चेंबरांच्या तोंडांना अगदी हलका चॅम्फर, म्हणजे धार मोडणारा उतार, दिला. त्याच वेळी त्यांनी नळीतून तपासाची दांडी सरकवून सहाही चेंबर नळीसमोर नेमके येतात का ते पाहिलं. माझं नशीब चांगलं, सहाही नीट होते. ते नसते तर त्यांनी सिलिंडर परत दिला असता आणि मी तो वापरला नसता.

हे काम घरी करू नका. फाईलने केलेलं तोंड सपाट राहत नाही, आणि एकदा गेलेलं पोलाद परत येत नाही. मोजणं मात्र घरी जरूर करा, त्याला दहा मिनिटं लागतात.

बार अधूनमधून पेटतच नाही

फट दुरुस्त झाल्यावर सिलिंडर सुरळीत फिरू लागला, आणि आधी लपलेला दुसरा त्रास दिसला. पन्नासातली तीन-चार काडतुसं पेटत नव्हती. घोडा पडतो, प्राइमरवर उथळ खड्डा, बार नाही. (असं झालं की नळी सुरक्षित दिशेला धरून किमान तीस सेकंद थांबायचं, मगच लोडिंग गेट, म्हणजे काडतुसं भरायची झडप, उघडायचं. बार झाला पण आवाज फुसका आला तर त्याहून जास्त सावध राहा: गोळी नळीत अडकली असू शकते. नळी पाहिल्याशिवाय पुढचा बार अजिबात नाही.)

कारखान्याच्या काडतुसांना हे होत नव्हतं, फक्त मी घरी भरलेल्यांना. कारण त्या पायरीत होतं. ९ एमएमची पुंगळी कमाल ०.७५४ इंच लांब. तिचं तोंड चेंबरच्या पायरीवर टेकलं तरच काडतूस मागे उभं राहतं आणि प्राइमरवर आदळणाऱ्या फायरिंग पिनचा ठोसा पुरता बसतो. .३५७ भरताना मी पुंगळीचं तोंड गोळीच्या खोबणीत आत वळवतो, त्याला रोल क्रिम्प म्हणतात. .३५७ ला ते लागतंच आणि चालतंही, कारण ते रिमवर टेकतं. तोच हात मी ९ एमएमवर चालवला होता. तोंड आत वळलं की पायरीवर टेकायला धारच उरत नाही, काडतूस पायरीवरून पुढे घसरतं आणि पिनचा ठोसा त्याला पुढे ढकलण्यात खर्च होतो. ९ एमएम आणि .४५ एसीपीला टेपर क्रिम्पच द्यायचा: तोंड फक्त सरळ करायचं, वळवायचं नाही. ९ एमएमच्या तोंडाचा व्यास ०.३८० इंच, कॅलिपरवर त्याच्या खाली फार गेलात तर पायरी सुटली समजा.

घरी भरत नसाल तरीही ही तपासणी करा, फार सोपी आहे. सिलिंडर काढून हातात घ्या, तोंड खाली, सहाही चेंबरांत काडतुसं सोडा. प्रत्येकाने ‘टक्’ आवाज करून बसायला हवं. मग मागून सरळ पट्टी लावून पाहा. सहांची बुडं एका उंचीला हवीत. एखादं खोल गेलेलं असेल तर ते पेटणार नाही. एखादं वर राहिलं असेल तर ते घासेल. तेच वर राहिलेलं काडतूस दुसऱ्या चेंबरमध्ये टाकून पाहा. तिथेही वर राहिलं तर दोष काडतुसाचा, नीट बसलं तर दोष चेंबरचा.

आणि चेंबरचा दोष बहुतेक वेळा मळ असतो. पायरीपाशी शिसं, मेण आणि काजळी यांचं कडं साचतं. नायलॉनचा ब्रश त्याच्यावरून नुसता घसरतो. ब्राँझचा ब्रश, सॉल्व्हंट लावून पंधरा मिनिटं थांबणं, आणि ब्रश फिरवताना पायरीवर गोल गोल फिरवणं, एवढं केलं की निघतं. .३५७ च्या सिलिंडरात हाच प्रकार वेगळ्या रूपात येतो: त्यात आखूड .३८ स्पेशल बरीच वापरली की .३८ ची पुंगळी जिथे संपते तिथे, साधारण ०.१३५ इंच अलीकडे, कडं साचतं. नंतर .३५७ घातलं की ते शेवटचं थोडंसं आत जात नाही. तेव्हा अंगठ्याने दाबून बसवू नका, साफ करा. जोराने बसवलेल्या पुंगळीचं तोंड त्या कड्यात आवळलं जातं आणि दाब वाढतो.

ठोसा उथळ पडण्याचं आणखी एक कारण: चाप हलका करायला कुणी मेनस्प्रिंग, म्हणजे घोड्याला जोर देणारी स्प्रिंग, बदलली असेल तर. .३५७ ला पुरणारा ठोसा ९ एमएमला नेहमी पुरत नाही, कारण तिथे काडतूस मागून कमी घट्ट धरलेलं असतं. जुनं हत्यार घेतलं असेल तर मूळ स्प्रिंग घालून पाहा.

गोळी पुढे सरकून सिलिंडर अडणे

हा त्रास माझ्याकडे झाला नाही, पण रेंजवर पाहिला आहे. रिव्हॉल्व्हर धक्क्याने मागे येतं, चेंबरातल्या न उडालेल्या पुंगळ्याही त्याच्यासोबत मागे येतात, आणि जड गोळ्या जागच्या जागी राहू पाहतात. प्रत्येक बार झाला की गोळी पुंगळीतून केसभर पुढे. पिस्तुलात उलट होतं, तिथे काडतूस वर चढताना गोळीचं नाक आपटतं आणि ती आत जाते. पिस्तुलाचं काडतूस गोळी आत जाऊ नये या बेताने बनवलेलं असतं, बाहेर येऊ नये या बेताने नाही. ब्लॅकहॉकसारख्या किलोहून जड हत्यारात ९ एमएमच्या साध्या काडतुसांना हे क्वचित घडतं. हलक्या हत्यारात किंवा जोरदार काडतुसांत घडतं. पाच बार करून सहावं काडतूस बाहेर काढा आणि त्याची लांबी आधी मोजलेल्या लांबीशी ताडून पाहा. वाढली असेल तर ते काडतूस या हत्याराला योग्य नाही.

.४५ ची जोडी, इटालियन प्रतिकृती

१८७३ च्या कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मीच्या इटालियन प्रतिकृती इथे खूप आहेत, त्यातही .४५ कोल्टसोबत .४५ एसीपीचा सिलिंडर मिळतो. नागपूरचे एक काका आमच्या रेंजवर येतात, त्यांची तक्रार होती की सिलिंडर बदलला की घोडा पूर्ण खाली येत नाही, बार होत नाही. ते ९ एमएमवाल्या माझ्या गोष्टी ऐकून फिलर गेज विकत घेणार होते. मी म्हटलं, काका, आधी पिन पाहू या. यातल्या अनेक प्रतिकृतींच्या बेस पिनला दोन खाचा असतात. पहिल्या खाचेत पिन बसली की हत्यार चालतं. आणखी आत ढकलून दुसऱ्या खाचेत गेली की पिनचं मागचं टोक घोड्याला अडवतं, ती सुरक्षेसाठी केलेली सोय आहे. सिलिंडर बदलताना काका पिन मनापासून आत दाबत होते. एक खाच बाहेर ओढली, काम झालं.

अशा जुन्या रचनेत कधीकधी सिलिंडरच्या मध्यातलं बुशिंगही, म्हणजे पिनभोवतीचं नळकांडंही, सुटं असतं. पिन ओढताना ते एका सिलिंडरातून निघून राहतं, किंवा साफ करताना दोन्हींची अदलाबदल होते. सिलिंडर अचानक मागेपुढे खूप हलू लागला तर आधी हे पाहा. मी त्यांना दोन्ही बुशिंगांवर मार्करने खूण करून दिली.

.४५ मध्ये एक काळजी जास्त घ्यायची. .४५ एसीपीची रिम ०.४८० इंच, .४५ कोल्टची ०.५१२. म्हणून एसीपी चुकून कोल्टच्या सिलिंडरात टाकलं तर ते धरायला काहीच नाही, ते आत घसरून जातं. दाबाचा हिशोबही मनात उलटा असतो: लहानखुऱ्या एसीपीला २१,००० पीएसआयची (चौरस इंचावर पौंड) मर्यादा आहे, लांबलचक .४५ कोल्टला १४,०००. ९ एमएम आणि .३५७ यांच्यात हा फरक नाही, दोन्ही ३५,०००.

.२२ वाल्यांसाठी दोनच वाक्यं. .२२ मॅग्नमच्या सिलिंडरात .२२ लाँग रायफल शिरतं पण ते तिथे सैल असतं आणि पुंगळी फाटून वायू मागे येऊ शकतो, त्यामुळे कधीही नाही. पुंगळ्या फुगून किंवा चिरून निघत असतील तर आधी कुठला सिलिंडर लावला आहे ते पाहा.

घोडा ओढलाच जात नाही, पिन जातच नाही

रुगरच्या १९७३ पासूनच्या न्यू मॉडेलमध्ये लोडिंग गेट उघडलं की बोल्ट खाली जातो आणि सिलिंडर मोकळा फिरतो. गेट केसभर जरी उघडं राहिलं तरी घोडा ओढला जात नाही. सिलिंडर बदलल्यावर ‘बिघडलं’ म्हणून आलेल्यांपैकी कित्येकांचं गेट मी नुसतं बंद करून दिलं आहे. त्याआधीच्या जुन्या मॉडेलमध्ये घोडा अर्ध्यावर घ्यावा लागतो, आणि त्यात ट्रान्सफर बार, म्हणजे चाप ओढल्याशिवाय घोड्याचा ठोसा पिनपर्यंत पोहोचू न देणारा तुकडा, नसल्याने घोड्याखाली रिकामा चेंबर ठेवून पाचच काडतुसं भरायची. रुगर जुन्या मॉडेलला ट्रान्सफर बार मोफत बसवून देते, मूळ भागही परत करते. ज्यांच्याकडे जुनं आहे त्यांनी जरूर करून घ्या.

पिन आत जात नसेल तर हातोडी घेऊ नका. सिलिंडर उजव्या बाजूने आत सरकवताना तो किंचित घड्याळाच्या दिशेने फिरवत सरकवा, म्हणजे बाहेर आलेला हँड आत दबतो. मग पिन बोटाच्या जोरानेच जाते. जोर लावावा लागत असेल तर सिलिंडर अजून जागेवर नाही.

नेम खाली जातो

हा बिघाड नाही. हलकी आणि वेगवान गोळी नळीतून लवकर निघते, तोवर हत्याराचं तोंड कमी उचललेलं असतं, म्हणून ती खाली लागते. माझी १५८ ग्रेन वजनाच्या गोळीची .३५७ आणि ११५ ग्रेनची ९ एमएम पंचवीस यार्डांवर वेगळ्या जागी लागतात. ब्लॅकहॉकची मागची साइट फिरवता येते. मी दोन्ही सिलिंडरांचे क्लिक मोजून पिशवीत चिठ्ठी ठेवली आहे. ९ एमएमची गोळी ०.३५५ इंच, नळी ०.३५७ ची, म्हणून गोळ्या थोड्या पसरतात हेही धरून चाला. कागदावर मुठीएवढा गट पुरेसा असेल तर काळजीचं कारण नाही. .४५ च्या जोडीत हा फरक जवळजवळ नाही, ०.४५१-०.४५२ ची गोळी दोन्हीकडे चालते.

महाराष्ट्रात राहून हे वाचणाऱ्यांसाठी: भारतात ९ एमएम हा प्रतिबंधित बोअर (नळीचा आकार) आहे, त्यामुळे ही जोडी तिथे घेण्याचा प्रश्न येत नाही. परवान्यावरच्या कुठल्याही रिव्हॉल्व्हरचं काम परवानाधारक दुकानातूनच करून घ्या.

माझ्या ब्लॅकहॉकचे आताचे आकडे पिशवीतल्या त्याच चिठ्ठीवर आहेत: .३५७, पाच ते साडेसहा थाऊ. ९ एमएम, साडेचार ते सहा. दर पाचशे बारांनी पुन्हा मोजतो. गेल्या शनिवारी ९ एमएमचे शंभर बार एका बैठकीत झाले, शेवटच्या बाराला अंगठ्याला पहिल्याइतकंच हलकं लागलं.